सुधारित सल्ला

कुरण पाहावे ते धुके उठण्याच्या वेळी, असा शेती खात्याच्या सल्लागारबाईंचा शिरस्ता होता. उन्हे चढली की जमीन लबाड होते, सगळीकडून सारखीच हिरवी दिसते. धुक्यात मात्र ती झोपेत बोलणाऱ्या माणसासारखी खरे तेच सांगते, असे त्या कचेरीतल्या नव्या मंडळींना बजावीत असत. मंडळी मान डोलावीत आणि दहा वाजता चहा घेऊन निघत.

त्या दिवशी बाई पहाट सरताच कुरणाच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर माती काढायचे लांब गिरमिट, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तीन बाजूंच्या उतारांवरून झिरपणारे पाणी ज्या खोलगटात येऊन विसावते, ते हे कुरण. त्यात धुके काठोकाठ भरले होते. पलीकडच्या गाई पोटापासून वर तेवढ्याच अस्तित्वात होत्या. लव्हाळ्यांचे शेंडे कुणीतरी हलकेच टोचून ठेवल्यासारखे दिसत होते. आवाज कसलाच नव्हता. म्हणजे होता, पण तो कानाने ऐकण्याचा नव्हता. बाईंना तो पोटरीत जाणवत होता. कुठेतरी खाली, अंधारात, पाणी चालले होते.

मग त्यांना ती रेघ दिसली. साऱ्या कुरणावर धुके बसले होते, पण मधोमध, या काठापासून थेट ओढ्यापर्यंत, त्याला नेमका भांग पडला होता. हातभर रुंदीची सरळ पट्टी; तिच्यावर धुक्याचा लवलेश नाही. निसर्ग सरळ रेघा ओढीत नसतो. सरळ रेघ माणूस ओढतो, आणि ही कोणी ओढली हे बाईंना ठाऊक होते.

त्यांनी गिरमिट रोवले, पिळले, वर ओढले. पात्याला चिकटलेली माती बोटांत चोळली. ती भुसभुशीत होती, भाकड गाईच्या आचळासारखी कोरडी. या ठिकाणी वीतभर खाली पाणी लागायला हवे होते.

सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बाईंनी या कुरणाचा निचरा करण्याचा सल्ला दिला होता. त्या काळी ओली जमीन म्हणजे आजारी जमीन, असे पुस्तकात छापलेले होते आणि पुस्तकावर बाईंची श्रद्धा होती. कंबरभर खोल चर खणून त्यात भाजक्या मातीच्या हातभर लांबीच्या नळ्या टोकाला टोक लावून पुरायच्या, की पाणी मुकाट ओढ्याला जाते. उतार बाईंनी स्वतः मोजला होता, तीन दिवस, दुर्बीण लावून. पुढे खोऱ्यातली बाकीची कुरणेही त्यांनी अशीच कोरडी केली. नंतर अठरा वर्षे त्या दुसऱ्या विभागात होत्या. परतल्या तेव्हा पुस्तक बदलले होते, ओल्या जमिनींची संरक्षित यादी झाली होती, आणि खोऱ्यात नांगर न फिरलेले, यादीत घालण्याजोगे एकच कुरण उरले होते. ते हे. जुन्या नळ्या पंधरा वर्षांत गाळाने बुजतात, तेव्हा इथल्याही केव्हाच मेल्या असतील, असे धरून बाईंनीच त्याचे नाव यादीत घातले होते.

नळ्या मेल्या नव्हत्या. माणसाने चूक करावी, पण नीटनेटकी करू नये. नीटनेटकी चूक फार टिकते.

यादीच्या तपासणीला सात आठवडे उरले होते. तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घ्यायचे, तासभर थांबायचे. तिन्हींत पाणी झिरपले तर कुरण यादीत राहील, नाहीतर नाव कटेल. नाव कटले की मालकाचा पुतण्या नांगर घेऊन हजरच होता. आणि एकदा नांगर फिरला, की शेकडो वर्षे थरावर थर साठलेली ती काळी माती दोन उन्हाळ्यांत वाऱ्यावर उडून जाते. ती परत आणण्याचा सल्ला जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही.

बाई त्या रेघेवरून चालत ओढ्यापर्यंत गेल्या. तिथे मालक, तात्या, उकिडवे बसून नळीचे तोंड साफ करीत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला, खुंटासारखा ताठ माणूस. नळीतून करंगळीएवढी धार ओढ्यात पडत होती, लखलखीत, अखंड.

“या, बाई! बघा तुमची कमाल,” तात्या कौतुकाने म्हणाले. “सव्वीस वर्षं झाली, एक दिवस तुंबली नाही.”

“तात्या, तुम्ही हे दरवर्षी साफ करता?”

“वर्षातून दोनदा. तुम्हीच लिहून दिलंयत ना, कलम तिसरं. तोंड साफ ठेवावे.” त्यांनी खुरप्याने एक मूळ अलगद सोडवले. “लोक सल्ला घेतात आणि विसरतात. आपल्याकडे तसलं नाही.”

साऱ्या खोऱ्यात बाईंचे ऐकणारा हा एक माणूस, आणि त्याने नेमके हेच ऐकले होते.

“तात्या, ही नळी बंद करायला हवी.”

तात्या हसले. मग बाई हसत नाहीत हे पाहून थांबले. “घरी चला,” एवढेच म्हणाले.

स्वयंपाकघरात काकूंनी चहा टाकला. काकू या तात्यांच्या पत्नी. बाईंना त्या पहिल्या दिवसापासून पोरी म्हणत आल्या होत्या आणि बाईंचे केस पिकले तरी त्यांनी त्यात बदल केला नव्हता. तात्यांनी कपाटाचे दार उघडले. दाराच्या आतल्या बाजूस, काचेखाली, पिवळी पडलेली एक चिठ्ठी खिळ्यांनी ठोकलेली होती. सल्लागाराने शेतावरून निघताना सल्ला लिहून, सही करून मालकाच्या हाती द्यावा आणि कार्बनची प्रत कचेरीत ठेवावी, ही खात्याची जुनी रीत. त्या चिठ्ठीवरचे अक्षर तेवीस वर्षांच्या मुलीचे होते. टपोरे, ठाम, कशाचीही शंका नसलेले.

“ह्यात कुठं लिहिलंय बंद करा म्हणून?” तात्यांनी विचारले.

“त्या वेळी मला कळलं नव्हतं.”

“आणि आज कळलं? उद्या आणखी काही कळलं तर? बाई, मी म्हातारा माणूस. उघड म्हटलं उघडलं, आता झाक म्हणता झाकू? जमीन आहे ती, कपाटाचं दार नव्हे.”

“अहो, ती एवढं सांगतेय तर ऐका की,” काकू म्हणाल्या.

“तिचंच तर ऐकतोय! सव्वीस वर्षं ऐकतोय!” तात्यांनी कपाटावर थाप मारली. “गावभर सांगत आलो, आमच्या बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता काय सांगू? बाईंची रेघ पुसायची आहे, फडकं द्या?”

“कुरण मरतंय, तात्या. पाणलावा शेवटचा कधी पाहिलात?”

हा प्रश्न त्यांना लागला. लांब चोचीचा तो पक्षी चिखलात चोच रुतवून पोट भरतो. जमीन घट्ट झाली की त्याचे ताट वाढलेले असून तोंड बांधल्यासारखे होते.

“दोन वर्षं झाली,” उत्तर काकूंनी दिले. “मला वाटलं, मलाच ऐकू येईनासं झालं.”

खिडकीबाहेर धुके विरत होते आणि उतारावरची झाडे एकेक करून परत येत होती, गावाहून आलेल्या पाहुण्यांसारखी, आधी सावली, मग स्वतः.

“ठीक आहे,” तात्या अखेर म्हणाले. “लिहून द्या. पण नुसतं नळी बंद करा असं नको. पहिला सल्ला चुकला होता, असं लिहा. सही करा. मग मी तुमचंच ऐकलं असं होईल. नाहीतर मी शब्द मोडला असं होईल, आणि ते ह्या वयात जमायचं नाही.”

बाईंनी कचेरीत फोन लावला, कारण नियम तसा होता. तिथले साहेब वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि सर्व हुशार माणसांप्रमाणे कागदाला भिणारे.

“मॅडम, आपल्याकडे ‘सुधारित सल्ला’ असा शब्द आहे ना?” साहेब म्हणाले. “तो वापरा. चुकला वगैरे लिहू नका. एकदा एका शेतावर चुकला लिहिलं, की उद्या खोऱ्यातले सगळे विचारतील, आमचाही चुकला का?”

“विचारू देत.”

“आणि उत्तर काय देणार?”

“खरं ते.”

“मॅडम, निवृत्तीला किती वर्षं राहिली?”

“नऊ.”

“मग कशाला? मला खुलासा मागवावा लागेल तुमच्याकडून.”

“मागवा. एका ओळीत देईन, तुमचा वेळ जाणार नाही.”

फोन ठेवून त्यांनी चिठ्ठ्यांचे पुस्तक पुढे ओढले. कार्बन लावला. ‘सुधारित’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी येऊन उभा राहिला. सभ्य, इस्त्री केलेला शब्द. त्याला आत घेतले असते तर कोणाचे काहीच बिघडले नसते. बाईंनी पान क्षणभर न्याहाळले. त्यांना एकाएकी वाटले, की ती तेवीस वर्षांची मुलगी टेबलापलीकडे बसली आहे, वेण्या पुढे घेतलेल्या, नखांत माती, आणि वाट पाहते आहे की ही आपल्याला चारचौघांत काय म्हणणार. तिच्यावर रागावता येईना. तिने तीन दिवस उन्हात उभे राहून उतार मोजला होता.

त्यांनी लिहिले: या कुरणाचा निचरा करण्याचा माझा सल्ला चुकला होता. उतार बरोबर मोजला होता. नळी तीन ठिकाणी खोलून चिकणमातीने बुजवावी. खाली सही केली.

तात्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “उतार बरोबर मोजला होता, हे कशाला?”

“ते खरं आहे म्हणून.”

“हां,” तात्या म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. “चूकसुद्धा चोख असते हो तुमची.”

काकू पुटपुटल्या, “दोघेही एका माळेचे मणी. चहा गार झाला.”

दोन दिवस तात्यांनी आणि बाईंनी मिळून खणले. काकू काठावर बसून दोघांनाही सूचना देत होत्या आणि दोघेही त्या मुकाट पाळीत होते. नळ्या निघाल्या त्या लाल, अभंग, आतून गुळगुळीत. प्रत्येक ठिकाणी चार-चार काढून तिथे निळसर चिकणमाती पायांनी तुडवून बसवली. तिसरे ठिकाण बुजवले तेव्हा ओढ्याकाठची धार बारीक झाली, थेंबाथेंबाची झाली, आणि संध्याकाळी थांबली. एवढा मोठा शांतपणा बाईंनी कधी ऐकला नव्हता. जणू कुरणाने सव्वीस वर्षे सोडलेला श्वास आता कुठे आत घ्यायला सुरुवात केली होती.

खुलासा मागवणारे पत्र आले, उत्तर गेले. तात्यांनी नवी चिठ्ठी खिशात घालून गावभर फिरवली. ती तशी फिरेल हे बाईंना कळायला हवे होते. पहिल्याच आठवड्यात वरच्या उतारावरचा एक जण आपली जुनी चिठ्ठी घेऊन कचेरीत आला, मग त्याचा मेहुणा. साहेबांनी दोघांना बसवून घेतले आणि बाईंकडे असे पाहिले, की दुसरे कोणी असते तर वरमले असते.

तपासणीचा दिवस उघडा, फिकट उन्हाचा होता. तपासणी करणारी अधिकारी परक्या विभागातली, कमी बोलणारी. तिने हातभर खोल तीन खड्डे घेतले, घड्याळ पाहिले आणि वहीवर हात ठेवून बसली. पहिला खड्डा थोड्याच वेळात भरू लागला. दुसऱ्यात अर्ध्या तासाने पाणी चमकले. तिसरा, उंचवट्याजवळचा, कोरडाच होता.

पाऊण तास झाला. गवतावरून वारा गेला आणि सारे कुरण एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखे झाले. बाई खड्ड्याशी गुडघे टेकून बसल्या. काळ्या मातीच्या त्या भिंतींत त्यांना थर दिसत होते, केसाएवढे बारीक, प्रत्येक थर म्हणजे कोणीही न पाहिलेला एखादा पावसाळा. त्यांना वाटले, आपण फार उंचावरून एका खूप खोल गावात डोकावत आहोत, आणि त्या गावात आपल्या येण्याची वार्ता अजून पोचलेली नाही.

“दहा मिनिटं राहिली,” तपासणीवाली म्हणाली.

“येईल,” तात्या म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

“बाईंनी लिहून दिलंय.”

“पाणी काय चिठ्ठ्या वाचतं?” काकूंनी फटकारले, पण त्याही वाकल्या, एक हात गुडघ्यावर, एक बाईंच्या खांद्यावर. आणि मग तो हात एकदम घट्ट झाला.

डाव्या भिंतीवर, तळापासून चार बोटे वर, माती काळ्याहून अधिक काळी झाली होती. तिथे एक थेंब फुगला. तो खूप वेळ तसाच राहिला, पडावे की नाही याचा विचार करीत, मग घरंगळला. त्याच्या मागे दुसरा आला. तळाशी नाण्याएवढे ओलसर वर्तुळ झाले, त्यात आभाळाचा तुकडा उतरला, आणि तो तुकडा हळूहळू रुंद होऊ लागला.

तपासणीवालीने वहीत काहीतरी लिहिले. बाईंनी विचारले नाही. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, पाय गवतात पसरले आणि म्हणाल्या, “तात्या, उद्या वरच्या उतारावरच्याकडे जायचं आहे. त्याच्याही नळ्या मीच पुरल्यात. कुदळ घेऊन येता का?”

“लिहून देता का तसं?” तात्यांनी विचारले.