बेचाळीस मुक्काम

ड्रायव्हरने बोट ठेवून ओळी मोजल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मुक्काम बेचाळीसच भरले.

"रब्बी, यात गोष्ट कुठे आहे? इथून निघाले, तिथे उतरले. तिथून निघाले, पुढे उतरले. हे तर आमच्या डेपोतलं वेळापत्रक झालं."

"म्हणूनच तुम्हाला दिलंय," धर्मगुरू म्हणाले.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दर शनिवारी सकाळी तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा पाठ वाचला जाई आणि मग जमलेल्यांपैकी कोणीतरी त्यावर चार शब्द बोले. समुद्र दुभंगला, आकाशातून अन्न पडलं, असा पाठ असला की बोलणाऱ्यांची रीघ लागे. हा पाठ मात्र दर वर्षी कोणाच्या तरी गळ्यात मारावा लागे. मोशेने गुलामीतून सोडवून आणलेल्या लोकांनी चाळीस वर्षं रानात भटकताना कुठे कुठे तळ टाकला, त्याची नुसती यादी. यंदा ती चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या बस ड्रायव्हरच्या वाट्याला आली, तेव्हा सगळे हसले होते. तोही हसला होता. सव्वीस वर्षं त्याचा एकच मार्ग, एकतीस थांबे. चारचौघांत बोलायला उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं.

पण घरी आल्यावर ती यादी काही डोक्यातून जाईना. समुद्र दुभंगला, ते लिहिणं समजतं. जिथे काहीच घडलं नाही, त्या जागांची नावं कशाला लिहून ठेवायची? त्याने मुलीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, चहा निवतोय. शेजारच्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, पुरावा नको? नाहीतर लोक म्हणायचे, गेलाच नव्हतात. शेवटी त्याने कागद घेतला आणि आपले एकतीस थांबे लिहायला बसला. गंमत अशी, की एकही थांबा रिकामा निघेना. पाण्याच्या टाकीपाशी पोपटाचा पिंजरा घेऊन चढणारी बाई होती. शाळेपाशी पाच वर्षं वेगवेगळ्या दारांनी चढणारे आणि मग एक दिवस लग्नाच्या कपड्यांत जोडीने चढलेले दोघं होते. तो खुलला. पेन्सिल झरझर चालली आणि एकोणिसाव्या थांब्यावर अडली. बटणांचा कारखाना.

त्याने कागद बाजूला सारला आणि पुन्हा तोरा उघडली. तिथल्या यादीत होर डोंगर आला. त्या डोंगरावर मोशेचा थोरला भाऊ अहरोन वारला. त्याचं वय दिलं होतं, तारीख दिली होती. आणि मध्ये एक ओळ सोडली, की लगेच: होर डोंगराहून ते निघाले आणि सल्मोना इथे उतरले.

दुसऱ्या दिवशी तो परत रब्बींकडे गेला. "सख्खा भाऊ गेला, आणि हे निघाले?"

रब्बी म्हणाले, दुसरीकडे लिहिलंय, लोकांनी तीस दिवस शोक केला. मग ते इथे का नाही, असं त्याने विचारलं. रब्बींनी पान मागे उलटून पाहिलं.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण ही यादी मोशेने स्वतः लिहिली. आपण निघालो, हे त्याने लपवलं नाही."

गुरुवारी दुपारी ड्रायव्हर वहिनींच्या दाराशी उभा राहिला. वहिनी म्हणजे त्याच्या कंडक्टरची बायको. सतरा वर्षं दोघं एका बसवर होते. डेपोत त्यांना इंजिन आणि घंटी म्हणत. कंडक्टरला जाऊन नऊ वर्षं झाली होती. वहिनींना ठाऊक होतं ते इतकंच, की बसमध्ये छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, आणि शेवटपर्यंत ड्रायव्हर हात धरून बसला होता. हे त्यानेच सांगितलं होतं.

आता पाण्याचा पेला तसाच हातात धरून त्याने खरं सांगितलं. बटणांच्या कारखान्यापाशी कंडक्टर पायरीवर बसला आणि तिथेच गेला. अँब्युलन्स आली. बसमध्ये चाळीस माणसं होती, आणि बदली ड्रायव्हर मिळत नव्हता. त्याने मित्राला स्ट्रेचरवर ठेवलं, दार लावलं आणि उरलेले बारा थांबे घेतले. घंटी वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून दर थांब्यावर प्रवासीच हळूच 'चला' म्हणत होते.

वहिनींनी त्याच्या हातातला पेला घेतला आणि आत नेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले, ह्यांच्याजवळ आपलं माणूस होतं म्हणून."

"हो."

"आता काय सांगू?"

शनिवारी मी हे बोलणार होतो, तो म्हणाला. तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलणार.

"बोला," वहिनी म्हणाल्या. "पण थांब्याचं नाव नीट घ्या."

शनिवारी वहिनी आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. ड्रायव्हर कागदाकडे पाहत बोलला. पोपटावर लोक हसले. एकोणिसाव्या थांब्याचं नाव त्याने घेतलं, तिथे काय झालं ते सांगितलं, आणि विसाव्याचंही नाव घेतलं. मग म्हणाला, "यादी का लिहिली ते मला अजून नक्की कळलेलं नाही. पण पाय निघत नव्हता, तिथूनही आपण निघालो. ते नाव गाळलं तर बाकीची सगळी नावं खोटी होतात." एवढं बोलून तो खाली बसला.

रविवारी सकाळी वहिनींचा निरोप आला: मला तो थांबा बघायचाय.

कारखाना आता बंद होता. एक खांब, एक बाक, भिंतीवर उन्हाने विटलेली पाटी. बस नेमकी कुठे उभी होती, वहिनींनी विचारलं. दार कोणत्या बाजूला आलं होतं? ह्यांनी काही म्हटलं होतं का? त्याने एकेक सांगितलं, हाताने जागा दाखवली. कंडक्टर शेवटी काही बोलला नाही, नुसती घंटीची दोरी धरून ठेवली होती, असं त्याने सांगितलं. वहिनी त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. खाली वाकून त्यांनी डांबरावरून हात फिरवला, पदराला पुसला आणि बाकावर येऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी शेजारी जागा केली. तो बसला.

बस आली. नवा ड्रायव्हर होता. त्याने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि वाट बघितली.

वहिनींनी हाताने त्याला जा म्हणून खूण केली. दार लागलं, बस निघाली. तिच्या मागची धूळ खाली बसेपर्यंत दोघंही बाकावर बसून राहिले.