योम सरांच्या गाडीचं पहिलं अक्षर

आमच्या घरात एखादी गोष्ट कधी घडली असं विचारलं तर साल कुणी सांगत नाही, गाडी सांगतात. सासूबाई गेल्या तेव्हा दारात सोनाटा गाडीचं ईएफ मॉडेल होतं. नातू झाला तेव्हा एनएफ इतकी नवी होती की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. त्यानंतरची वायएफ बघून मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अहो, ही गाडी आणलीत की टोळ?" ओकजूचे बाबा, म्हणजे माझे यजमान, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एलएफ आली. ती चालवता चालवता त्यांचे गुडघे गेले, आणि टॅक्सीचा परवाना परत करून आले त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या भात जास्त खाल्ला. दुःख झालं की हा माणूस खातो.

या सगळ्या गाड्यांचं माझ्यावर ऋण आहे. आमच्या समुद्रकाठच्या गांगनुंग गावच्या बाजारात मी चाळीस वर्षं सुकी मासळी विकली, पण घर उभं राहिलं ते टॅक्सीवर, हे मी कबूल करते. त्यांच्यासमोर नाही करत.

पहिली सोनाटा निघाली तेव्हा माझी ओकजू सात वर्षांची होती. चौकोनी, पेटीसारखी गाडी. ती आमच्यासारख्यांची नव्हतीच. टॅक्सी कंपनीचा मालक तिच्यात मागे बसायचा आणि ओकजूचे बाबा ती धुवायचे. तीन वर्षांनी दुसरी आली, अंगाने थोराड. मग सोनाटा टू आली. तिच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. ती मात्र कंपनीने टॅक्सीला दिली. ती चालवत असतानाच त्यांची बिनअपघाताची वर्षं भरली आणि स्वतःच्या टॅक्सीचा परवाना हातात आला. त्याच वर्षी सोनाटा थ्री बाजारात आली. आमची पहिली स्वतःची गाडी ती.

रीतीप्रमाणे गाडीची पूजा केली. बॉनेटसमोर डुकराचं डोकं मांडलं, चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली, आणि पांढऱ्या दोऱ्याची लड गुंडाळलेला सुका मासा डिकीत ठेवला. मासा माझ्या दुकानातला. दुसऱ्या कुणाचा मी ठेवूच दिला नसता. डिकीत अर्धी जागा गॅसच्या टाकीने खाल्लेली, त्यामुळे मासा जरा तिरका बसला, पण बसला.

त्या डिकीच्या पत्र्यावर गाडीचं नाव होतं, इंग्रजीत. एकेक अक्षर वेगळं चिकटवलेलं, चकचकीत, आणि शेवटी तीन उभ्या काठ्या. मला इंग्रजी येत नाही. पहिलं अक्षर मासे धरायच्या गळासारखं दिसतं, म्हणून मी त्याला गळच म्हणते. बारावीच्या पोरापोरींत अशी हवा उठली होती की कुणाच्या तरी सोनाटाचा गळ उचकटून जवळ ठेवला की सोलच्या मोठ्या सरकारी विद्यापीठात नंबर लागतो, कारण इंग्रजीत सोलचंही पहिलं अक्षर तेच. तीन काठ्या मिळाल्या तर चारशेपैकी तीनशे गुण नक्की. झालं! गावोगावच्या सोनाटा बोडक्या फिरायला लागल्या.

पावसाळा सरताना येणाऱ्या चुसोकच्या सणाआधी ओकजूच्या बाबांचा गळ तीनदा गेला. तिन्ही वेळा त्यांनी नवा आणून लावला. अर्धवट नावाची टॅक्सी चालवणं म्हणजे त्यांना पायजम्यात रस्त्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. मी दुकानातून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "कुठल्या आईने असली चोरटी कार्टी पोसलीत? मुलांना अभ्यास शिकवा, उचकटणं काय शिकवता?"

सणानंतर मात्र चोऱ्या एकदम थांबल्या. ओकजूच्या बाबांची छाती फुगली. टॅक्सीतळावर ते शेवयांचा कटोरा घेऊन डिकीला पाठ लावून उभ्याउभ्या जेवायचे. रोज संध्याकाळी घरी ऐकवायचे, "पहारा हवा, पहारा. माणूस उभा दिसला की पोरं फिरकत नाहीत."

ओकजू तेव्हा बारावीला होती. तिचा अभ्यास म्हणजे आमच्या घरातला वाद होता. सासूबाई म्हणायच्या, "मुलीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय?" बऱ्याच भांडणानंतर त्या इतकंच बोलल्या, "एकदा बसू दे कॉलेजच्या परीक्षेला. एकदाच. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी दुकानावर." शेजारच्या घरांतली मुलं नापास झाली की वर्षभर क्लास लावून पुन्हा बसायची. माझ्या मुलीला ती सोय नव्हती. मी स्वतः तिसरीपर्यंत शिकले, तीही अर्धी. हिवाळ्यात खारवलेली मासळी हाताळून माझ्या बोटांना भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. ते हात मला ओकजूला द्यायचे नव्हते.

परीक्षेला दहा दिवस उरले आणि माझा धीर सुटला. शेवाळाचं सूप घरात बंद केलंच होतं, कारण ते गुळगुळीत, त्याने मूल घसरतं. शाळेच्या फाटकाला लावायला चिकट गुळाची कांडीही आणून ठेवली होती, ती चिकटली की मूलही कॉलेजला चिकटतं म्हणून. तेवढ्याने भागेना. शेजारच्या गाळ्यावर सामचोक गावाहून आलेली सामचोकवाली बसायची, माकूळ विकायला. तिच्याकडे विषय काढला.

"मी म्हणते, आमच्याच टॅक्सीचा गळ काढून दिला तर? घरचा माल. चोरीही नाही."

"शहाणीच आहेस! घरच्या गाडीचं घेतलंस तर ते घरातच राहिलं ना? पोरगीही घरातच राहील. परक्याचं लागतं."

"परक्याचं? मी अख्ख्या बाजारासमोर त्या पोरांच्या आया काढल्यात."

"म्हणून काय झालं? आता त्यांच्यात जाऊन बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत गेले. हातात ओकजूचा डबा, एप्रनच्या खिशात मासे कापायची छोटी सुरी. फाटकावरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "मुलगी डबा विसरली." डबा ती विसरली नव्हती, सकाळी मीच तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता. आवारात भिंतीलगत करड्या रंगाची सोनाटा थ्री उभी होती. ओकजूचे वर्गशिक्षक योम सर यांची. पालकसभेला मी ती पाहून ठेवली होती. तास चालू होते, सगळीकडे सामसूम. मी डिकीमागे उकिडवी बसले आणि गळाखाली सुरीचं टोक घातलं.

"पत्र्याला चरे पडतील, ओकजूच्या आई."

मी बसल्या बसल्याच मागे वळले. योम सर मागे उभे होते, हातात खडू, बाह्यांवर खडूची भुकटी. चाळिशीचा, काटकुळा, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेला माणूस. माझ्या मनात एकच आलं: आता हे मुख्याध्यापकांना सांगणार, ओकजूचं नाव खराब होणार, आणि परीक्षेच्या आधीच मी माझ्या हाताने पोरीला दुकानावर बसवलं.

"सर, तिला काही माहीत नाही. मला काय ते बोला. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, पण तिला नका."

"सुरी ठेवा आधी. दोरा आहे का तुमच्याकडे?"

"काय?"

"दोरा मागून घालायचा आणि पुढेमागे ओढायचा. पोरी तसंच करतात." त्यांनी नखाने गळाची कड उचलली. अक्षर सहज सुटून हातात आलं. मागे वाळलेल्या भाताच्या खळीचा पांढरा थर होता. "दोऱ्याचीही गरज नाही म्हणा. डिंकाने लावलं असतं तर पोरींची नखं तुटली असती. परीक्षेच्या तोंडावर नख तुटलेली मुलगी पेन कसं धरणार?"

मी सुरी एप्रनच्या खिशात घातली.

"हे चौदावं," सर म्हणाले. "सुट्या भागांचा दुकानदार मला विचारतो, सर, तुमची गाडी अक्षरं खाते का?"

"आणि तुम्ही रागवत नाही?"

"कल्पना माझी नाही. तुमच्या ओकजूची. सणाआधी ती माझ्याकडे आली. म्हणाली, सर, मुली टॅक्सीतळावरची अक्षरं काढतात, माझ्या बाबांचं तीनदा गेलं, त्यांना फार लागतं. टॅक्सीवाल्यांना सोडा म्हटलं तर काढायचं कुठून, असं मुली विचारतात. मी म्हटलं, माझ्या गाडीवरून काढा. तिने वर्गात सांगितलं, तिथून दुसऱ्या शाळांत गेलं. तेव्हापासून दर वेळी नवं अक्षर तीच लावते. खळही घरून आणते."

घरून! रात्रीचा उरलेला भात अधूनमधून कुठे जातो याचा मला पत्ता नव्हता. मी सासूबाईंवर संशय घेत होते.

"तिने स्वतः एकही घेतलं नाही," सर म्हणाले. "लावणारीने घ्यायचं नसतं म्हणते."

त्यांनी गळ माझ्या तळहातावर ठेवला. मी तो परत करायला हवा होता. मला लाज आहे. पण दहाच दिवस उरले होते. मी गळ घेतला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि डबा त्यांच्याच हातात देऊन पळाले.

घरी येऊन ओकजूच्या बसायच्या चौकोनी उशीची शिवण उसवली, गळ आत घातला, पुन्हा शिवली. कुणाला बोलले नाही. परीक्षेच्या सकाळी ती उशी घेऊन बापाच्या टॅक्सीत बसून गेली. मी फाटकाला गुळाची कांडी चिकटवली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच इतर आयांबरोबर हात जोडून उभी राहिले.

ओकजू बाहेर आली ती लंगडत.

"आई, उशीत काय घातलं होतंस?"

"काही नाही. का?"

"पहिला पेपर सगळा टोचत होतं. आधी वाटलं सुई राहिली. मधल्या सुट्टीत उसवून बघितलं." तिने मूठ उघडली. "ही खळ माझी आहे. सरांच्या गाडीचा ना हा?"

"टोचत होतं म्हणजे? पेपर गेला का तुझा?"

"पहिला जरा गेला. बाकीचे बरे गेले."

निकाल लागेपर्यंतचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. परक्याचं घेतलं, पकडले गेले, आणि वर त्या गळानेच पोरीला पहिल्या पेपरभर टोचलं. मी स्वतःला जे बोलले ते बाजारातल्या कुणालाही कधी बोलले नव्हते. सामचोकवालीशी आठ दिवस तोंड फिरवून बसले. ती बिचारी रोज एक माकूळ भाजून माझ्यापुढे सरकवायची.

तीनशे गुण काही आले नाहीत. सोलही नाही. पण चुनचॉनच्या शिक्षक होण्याच्या कॉलेजात ओकजूचा नंबर लागला. यादीत नाव आहे हे कळलं तेव्हा सासूबाई जेवत होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तरीण होणार? मग आधी मला सही करायला शिकव म्हणावं. पोस्टात अंगठा देताना तो कारकून हसतो."

मार्चमध्ये तिला सोडायला निघालो. गॅसच्या टाकीमुळे डिकीत एकच पेटी मावली. गादी, रजई आणि किमचीच्या लोणच्याची बरणी मागे माझ्या मांडीवर. गाव सोडण्याआधी मी म्हटलं, "अहो, शाळेवरून घ्या."

तास चालू होते. योम सर वर्गात, गाडी भिंतीलगत. नवं वर्ष, नवी बारावी, आणि गाडीचा गळ इतक्यातच गेलेला. मी उतरले, त्या गाडीसमोर उभी राहिले आणि जमिनीला हात टेकेल इतकी वाकले.

"आई, लोक बघतायत," ओकजू म्हणाली.

"बघू देत."

ओकजूच्या बाबांनी खिडकीतून मान काढली. "अगं, ही गाडी काय देव आहे? आमच्या गाडीला कधी मान तुकवली नाहीस ती."

मी परत बसले. देग्वालयंगचा घाट चढेपर्यंत मी सगळं सांगितलं: माझी सुरी, सरांची भाताची खळ, चौदा अक्षरं, टॅक्सीतळावरच्या चोऱ्या का थांबल्या ते. ओकजू मध्येमध्ये हसत होती. तीन वळणं गेली, चार गेली.

"म्हणजे," ओकजूचे बाबा शेवटी म्हणाले, "माझ्या पहाऱ्यामुळे नाही?"

"नाही हो."

पुढच्या रुंद वळणावर त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं रागावले. बारा वर्षं गाडीला एक चराही न पडू देणारा माणूस, त्याने मागेपुढे नीट पाहिलं आणि गाडी उलटी वळवली.

"चुनचॉन तिकडे आहे, बाबा," ओकजू म्हणाली.

"चुनचॉन कुठे पळून जातंय?"

शाळेत पोहोचलो तेव्हा मधली सुट्टी व्हायची होती. ते उतरले, टोपी काढली, योम सरांच्या गाडीसमोर दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून वाकले. बराच वेळ वाकलेले. पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. त्यांनी पुढच्या सीटखालून पाण्याचा डबा आणि फडकं काढलं. घंटा झाली आणि योम सर पोरींच्या गराड्यात बाहेर आले, तेव्हा ओकजूचे बाबा बाह्या सरसावून त्यांच्या गाडीचं तिसरं चाक धूत होते.

"अहो, हे काय करताय?" सर धावत आले.

"एकच राहिलंय, सर," ओकजूचे बाबा मान वर न करता म्हणाले. "तुम्ही चहा पिऊन या."