केटल कुणी लावली?

सगुणा भोईरांच्या घरात केटल आली ती नातीच्या निमित्ताने. बाळाच्या बाटल्या सारख्या उकळत्या पाण्यातून काढाव्या लागत, म्हणून कमलेशने डोंबिवली स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून ती स्टीलची स्वस्तातली केटल उचलली. पाणी उकळलं की आपोआप बंद होते, असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. महिनाभर झालीही. मग तिचा खटका बिघडला आणि भिंतीवरचं बटण बंद करेपर्यंत ती नुसती खदखदत राहू लागली.

"बदलून आणतो," कमलेश म्हणाला आणि ते राहूनच गेलं.

गॅसवरचं पातेलं कसं डोळ्यांसमोर असतं. ही मेली कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे. सगुणा आपल्या कोऱ्या चहाला पाणी लावायची, तेवढ्यात गॅलरीतले लंगोट काढायला जायची, तिथून नातीकडे. नातीचं बारशातलं नाव कल्पिता, पण घरात सगळे तिला बायच म्हणत. बाय खिदळली की सगुणाचा चहा गेलाच. खिडकीच्या काचेवर वाफ दिसली की ती धावायची. पाणी अर्ध्यावर आलेलं असायचं. पुन्हा भरायची, पुन्हा लावायची आणि पुन्हा कुठेतरी गुंतायची.

एके संध्याकाळी कमलेश मोबाइल पुढे धरून म्हणाला, "आई, एसी तर आपण अजून लावलाच नाय. मग लाइटबिल एवढं कसं आलं?"

"उन्हाला सुरू झालाय ना. पंखे चालतात," सगुणा म्हणाली.

"पंख्यांनी एवढं? मीटर पळतोय. सूरज वायरमनला बोलावतो, वायरिंग बघू दे."

सगुणा वाटाणे सोलत राहिली. सुनेकडे, निशाकडे, बघायची तिला हिंमत झाली नाही. निशाही खाली मान घालून बायचं टोपडं घडी करत होती.

बिलाचं तिला एवढं नव्हतं. तिला तिची आई आठवली होती. आई शेवटची काही वर्षं खडवलीला धाकट्या भावाकडे होती. आधी भात दोनदा शिजवायला लागली. मग गॅस उघडा ठेवायला लागली. आणि एका दिवाळीला सगुणा ओवाळायला गेली, तर आईने अगदी मायेने विचारलं होतं, "तू कोनाची गो पोरगी?"

निशाची बाळंतपणाची रजा संपत आली होती. ठाण्याला एका लॅबमध्ये तिची नोकरी होती. "आई आहेत ना घरात, मला कसली काळजी?" असं ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकलं की पूर्वी सगुणाला मूठभर मांस चढायचं. आता ती घाईने विषय बदलायची.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. केटल लावली की बटणावर बोट ठेवून तिथेच उभी राहायची. दारावर बेल वाजली तरी आधी बटण बंद, मग दार. काही दिवस ठीक गेले. आणि मग एका दुपारी ती भांडी लावायला स्वयंपाकघरात गेली, हात सहज केटलला लागला आणि चटका बसला. आत तळाशी घोटभर पाणी. बटण चालूच.

सकाळपासून तिने केटलला हात लावला नव्हता. लावला नव्हताच. की लावला होता? ती ओट्याला धरून सकाळ आठवत उभी राहिली. अंघोळ, देवपूजा, बायची खिमट. केटल कुठेच आठवेना. पाणी लावून विसरणं वेगळं आणि लावल्याचंच न आठवणं वेगळं. आईचंही असंच होतं. तिने केटल गार पाण्याने भरून ठेवली आणि ओटा कोरडा पुसून काढला.

रजा संपायच्या आधी निशाला डॉक्टरांचा दाखला द्यायला लॅबमध्ये जायचं होतं. निघताना तिची नुसती धांदल उडाली होती. ती गेल्यावर सगुणा बायला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटलं, पंखा लावला. बाय झोपता झोपता तिलाही डुलकी लागली.

जाग आली ती जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने.

स्वयंपाकघरात काळा धूर कोंडला होता. केटलचं प्लॅस्टिकचं बूड वितळून ओट्याला चिकटलं होतं आणि भिंतीतला पॉइंट चरचरत होता. सगुणाने आधी मेन स्विच पाडला, मग बायला उचलून ती शेजारच्या रखमाबाईंकडे धावली. बाय धडधाकट होती, उलट झोपमोड झाली म्हणून भोकाड पसरून रडत होती.

निशा दुपारी परतली तेव्हा सगुणा रखमाबाईंच्या दारातच बसली होती. चप्पल काढायच्या आत तिने निशाचा हात धरला.

"पोरीला माझ्याजवल ठेवू नको. माझ्या आयसारखा झालाय मना. मी केटल लावते आन् मना आठवत पन नाय. परवा दुपारी पन तशीच चालू होती. आज घर पेटला असता गो."

निशाचा चेहरा उतरला. ती खाली पायरीवरच बसली.

"आई, सकाळी केटल मी लावली होती."

"काय?"

"बाटल्या उकळायला. मग फाइल सापडेना, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तशीच गेले. आजच नाही, आई. आधीही पुष्कळदा झालंय. परवा दुपारीही मीच असेन. मला काही लक्षातच राहत नाही हल्ली. मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर म्हणाल, हिला धड आई होता येत नाही." आणि ती तिथेच हमसून रडायला लागली.

सगुणाने तिला जवळ घेतलं. छातीवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं, पण पुरतं नाही. काचेवर वाफ धरेपर्यंत ती स्वतःही कितीतरी वेळा केटल विसरली होती.

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून कमलेशला सगळं सांगितलं. त्याने काळ्या पडलेल्या भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मीच बदलून आणायला हवी होती."

दोघी एकाच दिवशी डॉक्टरकडे गेल्या. निशाचं हिमोग्लोबिन फार खाली गेलं होतं. तिने रजा वाढवून घेतली, गोळ्या सुरू केल्या, दुपारची झोपायला लागली. सगुणाला डॉक्टरांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळ काढायला लावलं, रक्त तपासलं. "सध्या घाबरण्यासारखं काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या," ते म्हणाले. तो 'सध्या' सगुणा घरी घेऊन आली.

निशा कामावर रुजू झाली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"बाय काय करतेय?"

"खेळतेय. आत्ताच खिमट खाल्ली तिनं."

"आणि तुम्ही? जेवलात का?"

सगुणा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. फोन कानाला तसाच धरून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मोरीत तिचं ताट होतं, काठाला भाताची शितं चिकटलेली, अजून ओली.

"हाव गो," ती म्हणाली. "जेवले."