तबकड्यांचा भोवरा

वॉशिंग मशीन बंद पडलं आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. कपड्यांचं काय, ते हातानेही धुता येतात. मशीन होतं मासाठी. मा म्हणजे माझी आई. वय झालं, डोकं चालेना, पोटच्या पोरांची नावंही गेली. पण मशीन सुरू केलं की ती त्याच्या काचेच्या दारासमोर स्टुलावर बसायची आणि आत पाणी गरगरतंय तोवर हलायची नाही. तेवढ्यात माझे पडदे शिवून व्हायचे. पडदे शिवूनच माझं पोट चालतं. मग मी ते रिकामंच फिरवायला लागले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेवटी मेकॅनिकने मागचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे मेलं नाही, तुम्ही मारलंत."

त्यानंतर मा घराबाहेर पडायला लागली. आमचा फ्लॅट आयेर इतामच्या बाजाराजवळ, बराच वरच्या मजल्यावर. मी सुईत दोरा ओवेपर्यंत ही लिफ्टमध्ये. एकदा बाजारात मासेवाल्याच्या मागे सापडली, त्याच्या टबात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. तो भला माणूस, त्याने तिला बसू दिलं. पण माझा जीव मेटाकुटीला आला होता. मी सरळ बस पकडून डोंगरापलीकडे बालिक पुलाऊला गेले आणि तिथल्या वृद्धाश्रमात एक खाट बघून आले. सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले.

हे ग्वानला आवडलं नाही. ग्वान माझा धाकटा भाऊ. बायान लेपासच्या एका कारखान्यात हार्ड डिस्क बनवायचा. तिथल्या त्याच्या विभागाला टाळं लागलं तेव्हापासून माझ्याकडेच असतो, काळी कॉफी पीत आणि माझ्या शिवणयंत्राला तेल घालत.

"आची, सोमवारपर्यंत थांब," तो म्हणाला. मोठी बहीण म्हणून मला आची म्हणतो. "माला फिरणारं पाणी बघायचंय ना? मी करतो. उंच पारदर्शक नळी, तिच्यात पाण्याचा भोवरा. दारात शोभेलही. देवाघरी जाईपर्यंत बसेल बघत."

"नवीन मशीन आण की त्यापेक्षा."

"तेही मारशील तू."

आधी त्याने माशांच्या टाकीतला पंप लावला. भोवरा झाला, पण माने वाटीभर तांदूळ आणून त्यात ओतले. पंपाच्या पात्यांनी तांदूळ भरडले, मग पातीच मोडली. मी चिडून तांदूळ वेचले. ग्वान मात्र चिडला नाही. कितीतरी महिन्यांनी त्याला काम मिळालं होतं.

"पातीच नकोत," तो म्हणाला. "पात्यांशिवायचा पंप असतो. नुसत्या तबकड्या, एकीवर एक, मधे फट ठेवून. त्या फिरल्या की पाणी त्यांना चिकटून ओढलं जातं आणि कडेने बाहेर पडतं. आवाज नाही. तांदूळसुद्धा फटीतून अख्खा निघून जाईल."

तबकड्या त्याच्याकडे होत्याच. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेल्या, आरशासारख्या लखलखीत, मऊ कापडात गुंडाळून ट्रंकेत जपलेल्या. आता माझ्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. हा डोक्याला टोपी, हातात मोजे घालून तबकडी फक्त कडेने धरणार, आणि मी शिंकले की असा बघणार, जणू मी त्याच्या जेवणात थुंकले. पंखा बंद, खिडकी बंद. घामाने निथळत मी लापशी ढवळत होते आणि मनात म्हणत होते की हे चालू नये, म्हणजे सोमवारी मी सुटेन. लगेच स्वतःचीच लाज वाटायची. थकलेल्या माणसाच्या मनात दोन्ही एकाच वेळी असतं.

रविवारी पंप सुरू झाला. नळीत पाणी आळसावल्यासारखं हललं आणि वर फक्त खळी पडली, गालाला पडते तेवढी. मा आली, बघितलं न बघितलंसं केलं आणि दाराकडे वळली. मी कडी लावली.

"तबकड्या फार गुळगुळीत आहेत," ग्वान म्हणाला. "पाणी धरत नाहीत, घसरतंय."

"मग घास त्यांना."

"आची, यांच्यावर बोटाचा ठसा उमटला तर आम्ही अख्खा माल बाद करायचो. मी मोजे न घालता कधी हात लावला नाही."

"ती नोकरी गेली आता, ग्वान."

तोंडातून निघून गेलं. पंप उघडून त्याने तबकड्या टॉवेलवर मांडल्या आणि बाल्कनीत जाऊन बसला. माफी मागायला उठावं इतकीही ताकद माझ्यात नव्हती. मी शिवणयंत्राशी बसले.

थोड्या वेळाने मोरीकडून घासल्याची खसखस ऐकू आली. मा उभी होती. नळ सोडलेला, हातात तारेची घासणी, समोर तबकड्यांची चळत. एक घासायची, नळाखाली धरायची, उलटी घालायची. मा जन्मभर करी नूडल्सच्या गाडीवर ताटल्या धुवायची. त्यावरच आम्ही दोघं वाढलो.

ग्वान धावत आला. हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"करीचा तवंग," मा त्याला म्हणाली. "आधी भिजवायला नको? हल्लीच्या पोरांना कोण शिकवणार."

"राहू दे तिला," ग्वान मला म्हणाला. तबकड्यांवरचा आरसा पुरता गेला होता, गोल गोल चरे पडले होते.

धुऊन झाल्यावर त्याने त्या उघड्या हातांनी पुसल्या आणि पंपात बसवल्या. बटण दाबलं. पाणी फिरायला लागलं, खळी खोल गेली आणि बघता बघता नळीच्या तळापर्यंत भोवऱ्याची शेपटी उतरली. आवाज नाही. तो भोवरा सुंदर होता. ग्वानचा चेहरा मी कित्येक महिन्यांत तसा बघितला नव्हता.

"मा, बघ."

माने बघितलं. "किती पाणी वाया घालवता," ती म्हणाली आणि ब्लाउजला हात पुसत आमच्याकडे वळली. "बाकीच्या ताटल्या कुठायत?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मासेवाल्याचा टब, वाटीभर तांदूळ, ते मशीन. ती पाणी बघत नव्हतीच. तिला काहीतरी धुवायचं होतं; मशीनसमोरही ती धुणं कधी संपतंय याची वाट बघत बसायची.

मी कपाटातल्या सगळ्या ताटल्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. ती घासत राहिली. दाराकडे एकदाही गेली नाही. मी भोवऱ्यासमोरच्या तिच्या स्टुलावर टेकले. पाणी फिरत होतं आणि माझी मान लुडकायला लागली.

खांद्यावर ओला हात पडला. मा वाकून माझ्याकडे बघत होती, गाडीवरच्या एखाद्या सोबतिणीकडे बघावं तशी.

"दमलीस गं तू," ती म्हणाली. "जा घरी. उरलेल्या मी धुते."

मला रडू आलं. मी आत जाऊन आडवी झाले. दारातून ग्वानने हळूच विचारलं, "आची, वृद्धाश्रमाला काय कळवू?"

"खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं," मी म्हटलं. "आणि त्या धुतलेल्या ताटल्या परत खरकट्या करून ठेव."