मी जवळ आणलेली हरणं

"काऊन वं लेन्स, तू खोटं बोलते काय?"

मित्रांनो, हा प्रश्न मला भर वर्गात विचारला गेला. नववीतल्या भावनाने मला तोंडासमोर धरून तो विचारला, कारण तिच्या मैत्रिणी खुशी आणि आकांक्षाने तिच्याशी पैजच लावली होती. "विचार न तिलेच! हाय का हिंमत?" झालं होतं असं, की भावनाने मैदानाच्या पार दुसऱ्या टोकावरून त्या दोघींचा फोटो काढला, आणि गावाबाहेरची पाण्याची टाकी त्यात थेट त्यांच्या डोक्यामागे येऊन उभी राहिली. "पाह्य वं, टाकी शाळेत भरती झाली!" सगळा वर्ग हसला. मीही हसले असते, पण मला तोंड नाही.

मी एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे. दूरदेशीच्या कारखान्यात काचेमागे काच बसवून मला घडवलं. दूरचं जवळ दाखव, एवढंच माझं काम. भावनाच्या अकोल्याच्या अनुप मामाने मला घेतलं आणि माळावर, तळ्यांवर हातात धरून फिरवलं. रोही म्हणजे नीलगायी, नीलपंख आणि चक्रवाक पक्षी, काय काय टिपलं आम्ही! लोक म्हणायचे, "वा! हात लावावासा वाटते." मग मामाने नवी लेन्स आणली. मी चार वर्षं कपाटात, ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात. तरी काचेच्या कडेला बुरशी धरलीच. शेवटी मामाने मला भाचीला दिलं आणि मी भातकुलीजवळच्या या गावात आले.

काय पोरगी आहे हो! मी जड, स्टँड नाही. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोपर टेकवायची, श्वास रोखायची, आणि फोटो साधला की उडीच मारायची.

एका सकाळी गावातल्या नत्थुजी आबांच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावरून आम्ही बारा हरणांचा कळप टिपला. कळप होता पार पलीकडच्या माळावर. पण टाकी चिकटवली तसाच मी माळ वावराला चिकटवला. फोटोत बाराही हरणं हरभऱ्यातच उभी!

भावनाने तो आनंदाने गावाच्या ग्रुपवर टाकला. फुलं आली, अंगठे आले. मग नत्थुजींचा व्हॉइस मेसेज आला. "हेच खाऊन राहिले माहा हरभरा! उद्या पाहतोच याहीले."

"आबा, ते माळावर होते," भावनाने लगेच लिहिलं.

"फोटो त तूच काढला न, बाई?"

दुसऱ्या दिवशी माळावर नत्थुजींचा ट्रॅक्टर आला, फटाके वाजले. कळप उधळला. एका पाडसाचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला. धुऱ्यावरून मी ते सगळं भावनाला दाखवलं, त्याच्या थरथरत्या कानांसकट. ती ओरडली, पण ट्रॅक्टरपुढे कोण ऐकणार? मग तिने पाडस हाताशीच असल्यासारखा एक हात पुढे केला. इतक्या जवळचं मला दिसत नाही. तिचा हात नुसता धुक्यासारखा आला आणि पाडस झाकलं गेलं.

ती पळत सुटली. मी तिच्या गळ्यात, छातीवर आपटत होते. आम्ही पोचलो तेव्हा पाडस हलत नव्हतं.

नत्थुजी टोपी हातात घेऊन उभे होते. "माह्या मनात असं नोतं, बाई," ते म्हणाले. पण ग्रुपवर ठरलंच, रविवारी उरलेल्या हरणांनाही पिटाळायचं. पुरावा म्हणून माझाच फोटो फिरत राहिला. मी पिशवीत पडून होते. काय करणार? मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मला धुळीपासून, ओलीपासून जपा, हे तर मी सांगणारच होते. पण आज दुसरंच मागते. मी दाखवलेलं जरूर पाहा, पण त्यावर धावून जाण्याआधी मधलं अंतर एकदा पायांनी चालून या. अंतर गिळायची मला सवयच आहे.

शनिवारी जेवताना भावनाचे बाबा धर्मपाल म्हणाले, "जाऊ दे बेटा. गावाशी कायले वाकडं घेतं?" आई भागीरथाने तिच्या ताटात भाकर वाढली.

भावनाने मला पिशवीतून काढलं, पुसलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"आई, बाबा, म्या ठरवलं. उद्या ट्रॅक्टर निघायच्या आंधी समद्याहीले त्या धुऱ्यावर नेतो. तिथून माळापर्यंत चालवतो. पावलं नत्थुजी आबानंच मोजावी. आन् सगळ्यात पयले सांगतो, का तो फोटो माह्याच हातानं निघाला."