पाटावरची डिस्क

दसऱ्याला हत्यारांना विश्रांती द्यायची, हा रघुनाथरावांचा नियम. पांढुर्ण्यात फोटो स्टुडिओ काढल्यापासून त्यांनी या दिवशी कॅमेऱ्याचं बटण दाबलेलं नव्हतं. साखरपुडेवाले आले, पुढारी आले, सगळे हात हलवत परत गेले. यंदा मात्र मागच्या खोलीत एक बेमुर्वत पाहुणा घरघरत बसला होता. सून तृप्तीने नागपूरहून आणलेला सर्व्हर, म्हणजे सगळं साठवणारा कॉम्प्युटरचा डबा. तो म्हणे कधी बंद करायचा नसतो.

तृप्ती लग्नाआधी नागपुरात एका कंपनीत हेच काम करायची. त्या एका डब्यात तिने सॉफ्टवेअरच्या जोरावर तीन वेगळे कॉम्प्युटर मांडले होते. एकावर जुने व्हिडिओ, एकावर एडिटिंग, एकावर बिलं, आणि कोणाचा कोणाला पत्ता नाही. एका छपराखाली तीन संसार का, असं सासऱ्यांनी विचारलं, तर ती हसून हो म्हणाली. मग ती डिस्कच्या जोडीबद्दल सांगू लागली. वेगळं महागडं कार्ड लागत नाही, जोडी सॉफ्टवेअरच सांभाळतं, असं काहीबाही. रघुनाथरावांनी मान डोलावली, पण डोळे दाराबाहेरच्या पोत्यांवर होते. व्हिडिओ डब्यात उतरवून झालेल्या, बुरशी लागलेल्या कॅसेटी त्यांत भरलेल्या होत्या. आयुष्यभराची कमाई डब्यात गेली होती आणि त्या कमाईचं माहेर कचऱ्याच्या गाडीत निघालं होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तर दसऱ्याच्या सकाळी त्यांनी पाट मांडला. कॅमेरे, फ्लॅश, कात्री, सगळं पुसून ठेवलं. हळद कालवता कालवता त्यांच्या मनात आलं, आता ज्याच्यावर पोट आहे तोच टिळ्याविना राहिला. डबा काही पाटावर मावणारा नव्हता. पण डिस्क बसवताना तृप्तीने पुढचा खटका दाबून दाखवला होता. त्यांनी तो दाबला, एक डिस्क अलगद ओढून काढली. तिचा हिरवा दिवा विझला. टिळा लावून लगेच परत बसवू, असा सरळ हिशोब. ओली हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून गाणं सुरू झालं.

जाम नदीपलीकडच्या सावरगावहून शोभाबाई आल्या होत्या. त्यांना त्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं आणि जाता जाता एक जुनं गाणं फोनमध्ये घ्यायचं होतं, म्हणून तृप्तीने सणाच्या दिवशीही दार उघडलं होतं. शोभाबाईंचे यजमान तुळशीराम यंदा गेले. लेकीच्या पाठवणीला त्यांनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं होतं, आणि ते रघुनाथरावांनी टिपलं होतं. तुळशीरामांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. नात शीतलने आजोबांना गाताना कधी ऐकलं नव्हतं.

‘लेक गेली नदीपार, आवाज राहिला घरात...’

रघुनाथराव जागच्या जागी थिजले. ते गाणं डिस्कमध्ये होतं आणि डिस्क तर त्यांच्या हातात होती. आता तुटेल, आता तुटेल म्हणून ते श्वास धरून बसले. गाणं तुटलं नाही. एक कडवं झालं, दुसरं झालं. तुळशीराम पूर्वीसारखेच खर्जात उतरले, लेकीकडे पाहून तेव्हा अडखळले होते तिथेच अडखळले, पुन्हा सावरले. आयुष्यभर माणसांच्या सावल्या पेटीत धरणारे रघुनाथराव, पण असं नवल त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी नकळत डिस्क कपाळाला लावली.

आणि गाणं तुटलं.

ते तसेच कुंकवाची डिस्क घेऊन बाहेर धावले. तृप्तीने त्यांच्या हाताकडे पाहिलं.

“चालू मशीनमधून काढली, बाबा?”

“पूजेले काढली होती. माह्या हातानं गेलं गाणं.”

तृप्तीने घाईने स्क्रीन पाहिला. जोडीतली एक डिस्क गायब दाखवत होती, पण दुसरी ठणठणीत होती. दोन्हींवर सगळं सारखंच लिहिलेलं असतं, एक गेली तरी दुसरी चालवून नेते, हेच तर तिने तेव्हा सांगितलं होतं. रघुनाथराव म्हणाले, सांगितलं होतंस खरं, पण ऐकलं मी आज.

“मंग तुटलं काहून?”

उत्तर शोभाबाईंनी दिलं. “भाऊ, ते तं तेव्हाच तुटलं होतं. तुमची कॅसेट संपली होती. दुसरी घालेपर्यंत लेकीची गाडी निघाली.”

रघुनाथरावांनी डिस्क टेबलावर ठेवली आणि ते खुर्चीत बसले. त्यांना आठवलं.

तृप्तीने गाणं आधी शोभाबाईंच्या फोनमध्ये घातलं. मग मागच्या खोलीत जाऊन राखून ठेवलेली कोरी डिस्क रिकाम्या जागी बसवली. दिवा लुकलुकू लागला. आता उरलेली डिस्क आपल्याजवळचं सगळं हिला देत राहील, तोवर कोणी हात लावू नका, असं तिने बाहेर येऊन बजावलं. शोभाबाईंनी विचारलं, तेवढ्यात तीच गेली तर? तृप्ती खोटं बोलली नाही. मग सगळंच गेलं, म्हणाली.



“शेवटचं कडवं फक्त मलेच येते,” शोभाबाई म्हणाल्या. “त्यायनं ते दुसऱ्या कोणाले शिकवलंच नाही.”

रघुनाथराव उठले आणि मागच्या खोलीत गेले. पाटावरून त्यांनी कॅमेरा उचलला. त्यावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, काचेजवळ आलेली हळद धोतराच्या सोग्याने पुसली. बाहेर येऊन, स्टुडिओ काढल्यापासून पहिल्यांदाच, दसऱ्याच्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. त्याआधी बॅटरी आणि कार्ड दोनदा पाहून घेतलं.

शोभाबाईंनी पदर सावरला. सूर थोडा खाली लागला, पण त्या थांबल्या नाहीत.

‘नदी आटली तरी लेकी, वाट ठेवीन ओली...’

शेवटचा शब्द संपल्यावरही रघुनाथरावांनी कॅमेरा तसाच चालू ठेवला.

“तृप्ती,” ते हळूच म्हणाले, “हे दोन्हीवर ठेवजो, बेटा. अन् वयनी, शीतलले आजपासूनच शिकवा.”