एक ऋतू पुढे

कपडे शिवणाऱ्याच्या नशिबी चालू ऋतू नसतो. लोकरीचा कोट गिऱ्हाइकाला थंडीत लागतो, म्हणून तो भर उन्हाळ्यात शिवायचा. आणि उन्हाळी झगे शिवायचे, तेव्हा बाहेर लोकांचे दात वाजत असतात. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "आपण जगाच्या एक ऋतू पुढे, आणि घरी पोचायला मात्र सगळ्यांच्या मागे."

ती तिथे काजं करायची. गुंडीसाठी भोक पाडायचं आणि कडा दोऱ्याने घट्ट बांधायच्या. त्यावरून तिला सगळे काजवाली म्हणत. उन्हाने कापडाचा रंग उडू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना चुना फासलेला होता. इस्त्र्यांची वाफ बारा महिने तीच. सकाळी आत शिरावं, ते बाहेर येईपर्यंत दिवस संपलेला.

घरी एकच खोली, आणि त्या खोलीत सासूबाई. अर्धांगाने त्यांचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. डावी बाजू तेवढी हलायची. नवरा जहाजावर. यायचा तो पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखाच जेवणाचं कौतुक करून जायचा. दुपारी शेजारची मावशी डोकावायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण म्हातारीला पाणी पाजायला ती एकही दिवस चुकली नाही.

घाण्याच्या बैलाला निदान झापडं असतात. काजवालीला आपलं रिंगण रोज उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

त्या थंडीत कारखान्यात पातळ, पिवळ्या झग्यांचा ढीग पडला होता. गिऱ्हाइकाची घाई होती आणि इस्त्र्यांना उसंत नव्हती. दिवस दिवस ते उन्हाळी कापड मांडीवर घेऊन, वाफेत भिजून एका रात्री ती घरी आली, ती घामाने निथळतच. 'काय उकाडा सुटलाय,' असं म्हणत तिने सासूबाईंच्या अंगावरची रजई काढली, घडी घालून पेटीत ठेवली, पातळ चादर पांघरली, खिडकी सताड उघडली आणि ओल्या कपड्यासारखी जमिनीवर पडून झोपली.

सकाळी म्हातारीचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टर येऊन गेले. छातीत सर्दी उतरली होती. मावशी दारातच उभी राहिली. "अगं, लोक अंथरुणातून नाक बाहेर काढत नाहीत, आणि तू खिडकी उघडी टाकलीस?"

"मला उकडत होतं, मावशी. वाटलं, त्यांनाही उकडत असेल."

"उकडत होतं, की सुटायचं होतं?"

'नाही' हा शब्द काजवालीच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कारण चादरी धुताना, म्हातारीला कुशीवर वळवताना, 'ही गेली तर' असं तिच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. आलं की ती जोरात बादली आपटायची. पण आलं तर होतंच. आता ती रजई नेमकी कोणी काढली, थकलेल्या हातांनी की त्या विचाराने, हे तिचं तिलाही सांगता येईना.

पाय गरम ठेवा, असं डॉक्टर सांगून गेले होते. ती पाय धरून बसली. ताप उतरेपर्यंत जेमतेम उठली.

म्हातारी जगली. ती कामावर परतली तेव्हा कारखान्याच्या मास्तरांनी फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं आणि झग्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. पण काजवालीचा स्वतःच्या अंगावरचा विश्वास उडाला होता. आपल्याला गरम वाटतं म्हणजे गरम आहे, असं आता थोडंच म्हणता येणार? म्हणून सकाळी निघताना आणि घरी परतल्यावर ती सासूबाईंचे पाय हातात धरून पाही. पहिल्यांदा भीतीपोटी, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघावं तशी.

मग हळूहळू त्या पायांतून तिला काय काय कळू लागलं. वारं कोरडं झालं की टाचा खरखरीत व्हायच्या. हवेत ओल आली की बोटांच्या बेचक्या दमट लागायच्या. ऊन सरकत पलंगाच्या पायथ्याशी पोचू लागलं, तसे घोटे कोमट राहू लागले. चुन्याच्या काचांमागे तिला जे कधी दिसलं नाही, ते सगळं जग तळव्यांतून तिच्या ओंजळीत येत होतं. त्या थोड्या वेळात ती काही मागत नसे, मोजत नसे. मन गप्प व्हायचं. देवापुढे उभं राहूनही ते कधी इतकं गप्प झालं नव्हतं.

मावशीने टोमणा मारलाच. "रोज पाय धरतेस. पाप फिटलं का?"

"फिटायला नाही धरत. आज हवा कशी आहे, ते बघते."

"मग मलाही सांग. माझी वाळवणं आहेत." असं म्हणून मावशी हसली, आणि त्या दिवसापासून खरंच विचारू लागली.

उन्हाळा कोट शिवण्यात गेला, पाऊसही सरला. नंतर एका सकाळी काजवालीला उशीर झाला. पाय न धरताच चपला घालून ती दाराबाहेर पाऊल टाकते तोच मागून ठक्-ठक् ऐकू आलं. सासूबाई डाव्या हाताने पलंगाची कड वाजवत होत्या. चादर बाजूला सारून त्यांनी डावं पाऊल बाहेर काढून ठेवलं होतं.

ती परत आली. खाली बसली. इतके महिने घशात अडकलेलं बाहेर पडलं. "आई, त्या रात्री रजई मी मुद्दाम काढली का हो? मला खरंच ठाऊक नाही."

म्हातारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत माफी होती की नव्हती, ते कळलं नाही. मग त्यांनी पुन्हा कड वाजवली, जरा चिडूनच. पाऊल तसंच बाहेर होतं.

काजवालीने ते हातात घेतलं. टाचेत अजून झोपेची ऊब होती, पण बोटं गार पडली होती. थंडी दाराशी आली होती.

कारखान्याचा भोंगा वाजला. मास्तर बोलणार होते, आणि उद्यापासून पुन्हा झगे सुरू होणार होते. तिने पेटीतून रजई काढली, सासूबाईंना गळ्यापर्यंत पांघरली, कडा खोचल्या. तेवढं पाऊल मात्र तिने हातातच ठेवलं, बोटं गरम होईपर्यंत.